पोट बिघडलंय म्हणजे नेमकं काय बिघडलंय?

"पोट साफ होत नाही" एवढंच सांगून माणूस मेडिकलवाल्याकडे चूर्णाचा डबा मागतो, आणि तोही काही न विचारता देतो. खरं तर या एका तक्रारीत चार-पाच वेगवेगळे त्रास असतात. एकाला तीन-तीन दिवस शौच होत नाही आणि झाली तर लेंड्या. दुसरा ऑफिसला निघेपर्यंत तीनदा जाऊन येतो, तरी काहीतरी राहिलंय असं वाटतं. तिसऱ्याला वेग येतो, पण बसल्यावर सुटत नाही. चौथ्याला शौचाचा त्रास नाहीच, दुपारनंतर पोट फुगतं ते झोपेपर्यंत. या चौघांना एकच चूर्ण दिलं तर पहिल्याला दोन दिवस बरं वाटेल, दुसऱ्याचे हाल होतील आणि बाकीच्या दोघांचे पैसे जातील.

म्हणून काही खाण्याआधी किंवा बंद करण्याआधी दोन आठवडे एका वहीत टिपा: काय खाल्लं, किती वाजता गेलात, पोट दुखलं का, शौच कशी होती. शेवटच्या मुद्द्यासाठी डॉक्टर ब्रिस्टल स्केल वापरतात. त्यात सात प्रकार आहेत. 1 आणि 2 म्हणजे सुट्या कडक लेंड्या किंवा गाठींची कांडी, म्हणजे बद्धकोष्ठ. 3 आणि 4 म्हणजे सलग आणि मऊ, हे उत्तम. 5 म्हणजे मऊ तुकडे, 6 म्हणजे लगदा, 7 म्हणजे निव्वळ पाणी. रोज सकाळी एकदा झालीच पाहिजे हा हट्ट सोडा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही सामान्य असू शकतं. दिवसाआड होते, पण प्रकार 4 आहे आणि कुंथावं लागत नाही, तर तुम्हाला बद्धकोष्ठ नाही. उगाच औषध घेऊ नका.

बद्धकोष्ठ: भाकरीपासून सुरुवात

मोठ्या माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू (फायबर) लागतात. सकाळी पोहे किंवा पाव, दुपारी भात आणि चाळलेल्या पिठाच्या पोळ्या, रात्री खिचडी असं खाणाऱ्याच्या पोटात याच्या निम्मेही कसेबसे जातात. ज्वारी, बाजरी, नागली (नाचणी) यांच्या 100 ग्रॅम पिठात 10 ते 11 ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात जेमतेम 3. एका मध्यम भाकरीला 50 ग्रॅम पीठ धरा, म्हणजे भाकरीमागे 5 ग्रॅम आले. एक मध्यम पेरू बियांसकट खाल्ला की 5 ते 7, वाटीभर उसळीतून आणखी 5. गव्हाचं पीठ दळून आणल्यावर बारीक चाळणीने कोंडा काढून टाकण्याची सवय असेल, तर ती आधी बंद करा.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडची नागली बाजारात सहज मिळते, तरी "नाचणीने पोट धरतं" म्हणून अनेक घरांत ती टाळली जाते. यात गफलत अशी आहे की पोट धरतं ते लहान मुलांसाठी करतात त्या नाचणी सत्त्वाने. भिजवून, वाटून, कापडातून गाळून उरलेला तो निव्वळ स्टार्च असतो, तंतू फडक्यातच राहतात. अख्ख्या पिठाच्या भाकरीचं तसं नाही. या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून साध्या पाण्यात मळलं की भाकरीच्या कडा फाटतात. एक वाटी पिठाला साधारण एक वाटी पाणी मीठ घालून उकळा, गॅस बंद करून पीठ घाला, उलथन्याच्या टोकाने हलवून पाच मिनिटं झाकून ठेवा आणि कोमट असतानाच मळा. पीठ कोरडं वाटलं तर ओल्या हाताने सांभाळा. मग भाकरी फाटत नाही.

तंतू वाढवताना होणारी चूक ठरलेली आहे: सोमवारी ठरवलं आणि मंगळवारपासून तिन्ही वेळा भाकरी, कोशिंबीर, मोडाची कडधान्यं. चौथ्या दिवशी पोट ढोलासारखं फुगतं आणि "मला भाकरी सोसत नाही" असा निकाल लागतो. मोठ्या आतड्यातल्या जंतूंना नवा खुराक पचवायला वेळ लागतो. आठवड्याला 5 ग्रॅमच वाढवा, म्हणजे एक भाकरी किंवा एक पेरू, बस. सोबत दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, एप्रिल-मे महिन्यांत त्याहून जास्त. नुसतं पाणी वाढवून मात्र फारसं काही होत नाही, जादा पाणी लघवीवाटे निघून जातं. सकाळच्या तांब्याभर गरम पाण्याने आतडी "धुतली" जात नाहीत, पण रिकाम्या जठरात काही पडलं की मोठं आतडं हालचाल करतं, म्हणून वेग येतो. चहाने किंवा नाश्त्यानेही तेच होतं.

नाशिकमध्ये राहून मनुके-बेदाणे सोडून परदेशी फळांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बी असलेले काळे मनुके 12-15 घ्या. द्राक्षं वाळवण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, पिवळ्या-हिरव्या बेदाण्यांना गंधकाची धुरीही देतात. म्हणून आधी कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा, ते पाणी फेका, मग अर्ध्या वाटी स्वच्छ पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मनुके चावून खा आणि तेच पाणी प्या. मधुमेह असेल तर हा प्रयोग नको, पेरू बरा.

इसबगोल: चमच्यापेक्षा पाणी महत्त्वाचं

नैसर्गिक उपायांत सगळ्यात भक्कम पुरावा कशाच्या मागे असेल तर सत इसबगोलच्या. आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीने घेतलं जातं तेही हेच.

पद्धत अशी. 240 मिलि पाण्याचा ग्लास भरा. एक चहाचा चमचा सत इसबगोल घाला, ढवळा आणि मिनिटभराच्या आत प्या. रेंगाळलात तर त्याची खळ होते आणि मग ती घशाखाली उतरत नाही. वरून आणखी अर्धा ग्लास पाणी. आठवडाभर दिवसातून एकदाच, मग दोनदा. बहुतेकांना एवढं पुरतं. गुण यायला 12 तासांपासून 3 दिवसांपर्यंत वेळ लागतो. "रात्री घेतलं, सकाळी काही झालं नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी चार चमचे घेणं चूक. चार आठवडे सलग घेऊन मग ठरवा.

कोरडं तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं धोक्याचं आहे, ते अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं. झोपण्याच्या तयारीत गादीवर बसून घेऊ नका. जेवणानंतर घ्या किंवा झोपण्याच्या निदान तासभर आधी. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतड्यात अडथळा झालेला आहे, त्यांनी घेऊच नये. थायरॉइडची, मधुमेहाची किंवा हृदयाची गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी त्या चिकट लगद्यात अडकून कमी शोषली जाते. संत्र्याच्या चवीच्या डब्यांत बऱ्याचदा साखर भरपूर असते, डबा फिरवून बारीक अक्षरं वाचा.

तीच बारीक अक्षरं चूर्णाच्या डब्यावरही वाचा. त्यात सोनामुखी असेल तर ते आतड्याला चाबूक मारून काम करतं. प्रवासानंतर एखाद-दोन दिवस घ्यायला हरकत नाही. पण रोज घेतल्याने पोटात मुरडा येतो, जास्त प्रमाणात घेतल्यास शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. आणखी एक चकवा आहे. चूर्णाने आतडं पूर्ण रिकामं झालं की पुढचे दोन दिवस बाहेर टाकायला काही नसतंच. माणसाला वाटतं पुन्हा बद्धकोष्ठ झालं, तो पुन्हा चमचा घेतो. अशी माणसं वर्षानुवर्षं चूर्णाला बांधली जातात. त्रिफळा (हिरडा, बेहडा, आवळा समभाग) त्या मानाने सौम्य: रात्री कोमट पाण्याबरोबर 3 ग्रॅम, फार तर 5. गरोदरपणात सोनामुखी, एरंडेल आणि हिरडा यांच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

बसायची रीत आणि वेळ

जेवल्यावर 20-30 मिनिटांनी मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि सकाळच्या खाण्यानंतर ती सगळ्यात जोरात असते. ती वेळ रिक्षात किंवा कंपनीच्या बसमध्ये गेली की वेग दाबला जातो. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत शिफ्ट दर आठवड्याला फिरणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. त्यांनी घड्याळाची वेळ धरू नये. उठणं, काहीतरी गरम पिणं, थोडं खाणं आणि मग दहा मिनिटं शौचालय हा क्रम धरावा, मग शिफ्ट कुठलीही असो.

कमोड असेल तर पायाखाली 20 सेंटिमीटर उंचीचा पाट किंवा उलटी बादली घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. पुढे झुकून कोपरं मांडीवर टेका. भारतीय शौचालयात उकिडवं बसल्यावर हा कोन आपोआप मिळतो. मोबाइल बाहेर. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा.

आणि हे लक्षात ठेवा: वेग येतो, शौच मऊ आहे, तरी कुंथल्याशिवाय सुटत नाही, कधी बोटाचा आधार घ्यावा लागतो, असं असेल तर गडबड बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे. कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळले जातात. अशांना तंतू वाढवले की त्रास वाढतो. यावर बायोफीडबॅक नावाचं स्नायूंचं प्रशिक्षण आहे, पोटविकारतज्ज्ञांना त्याबद्दल नाव घेऊन विचारा.

गोळ्यांची पिशवीही एकदा तपासा. लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियमयुक्त अँटासिड, ट्रॅमाडॉल-कोडीनसारखी वेदनाशामकं, ही सगळी बद्धकोष्ठ करतात. थायरॉइड मंद असेल तरी हेच होतं.

मूळव्याध आणि फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) बहुतेक वेळा या कुंथण्यातूनच येतात. ढोबळ फरक असा: मूळव्याधीत लालभडक रक्त पडतं पण सहसा दुखत नाही, फिशरमध्ये शौचाच्या वेळी कापल्यासारखी कळ येते आणि नंतरही ती रेंगाळते. दोन्हींत शौच मऊ ठेवणं हाच मुख्य उपचार. सोबत टबमध्ये कोमट पाणी घेऊन 10-15 मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा. पाण्यात काही घालायची गरज नाही. रक्त पडलं की "मूळव्याधच असणार" असं घरच्या घरी ठरवू नका, एकदा दाखवा.

आयबीएस आणि रविवारची मिसळ

आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे हळवं झालेलं आतडं) ओळखायची खूण म्हणजे पोटदुखी. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखतं, दुखणं शौचाशी जोडलेलं आहे, आणि शौचाची वारंवारिता किंवा स्वरूप बदललंय. सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची असावी. आतड्यात जखम नसते, तपासण्या चांगल्या येतात, म्हणून घरचे म्हणतात "मनाचे खेळ". ते खेळ नाहीत. आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, इतरांना जाणवणार नाही एवढा गॅस यांना दुखतो.

आता मिसळ. नाशिकमध्ये राहून मिसळीविरुद्ध लिहिणं म्हणजे वर्गणी न देता गणपती मंडळासमोरून जाण्याइतकं धाडसाचं आहे, पण ताटात काय आहे ते एकदा पाहू. तर्रीतलं तेल: स्निग्ध पदार्थ आतड्याच्या हालचालीला जोर देतात. तिखटातलं कॅप्सेसिन: हळव्या नसा थेट पेटवतं. मटकी आणि फरसाणातलं बेसन: यांतल्या विशिष्ट साखरा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचा गॅस करतात. पाव आणि वर भुरभुरलेला कांदा: यांत फ्रुक्टन नावाची तशीच न पचणारी साखर, तिचंही तेच. म्हणजे चार कारणं एका ताटात. "मला मिसळ बाधते" म्हणणाऱ्याला नेमकं काय बाधतं, हे वेगवेगळं करून पाहिल्याशिवाय कळत नाही. दही घेऊन, तर्री अर्धी, फरसाण थोडं, कांदा वगळून, पावाऐवजी घरच्या भाकरीबरोबर खाल्ली तर अनेकांना निभावते.

या न पचणाऱ्या साखरांना एकत्र फॉडमॅप म्हणतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने ही आहारपद्धत विकसित केली. पद्धत तीन टप्प्यांची: दोन ते सहा आठवडे सगळे जास्त फॉडमॅपचे पदार्थ बंद, मग एकेक गट तीन-तीन दिवस वाढत्या प्रमाणात खाऊन पाहणं, मग जे सोसतं ते सगळं पुन्हा सुरू. आपल्याकडे लोक पहिल्याच टप्प्यावर अडकतात आणि वर्षभर भात-दही खातात. त्याने आतड्यातले चांगले जंतू उपाशी मरतात आणि अंगावरचं मांसही उतरतं. शक्य असेल तर आहारतज्ज्ञाच्या मदतीने करा.

लासलगावसारखी कांद्याची मोठी बाजारपेठ असलेल्या जिल्ह्यात कांदा बंद करणं म्हणजे स्वयंपाकघर बंद करणं. पण यात एक पळवाट आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेलात कांद्याचे मोठे तुकडे आणि लसणाच्या पाकळ्या मंद आचेवर सोनेरी होऊ द्या, मग झाऱ्याने सगळं काढून टाका आणि त्याच तेलात फोडणी करा. वास आणि चव राहते, त्रास जातो. रश्शात कांदा शिजवून नंतर फोडी बाजूला काढल्या तर उपयोग नाही, फ्रुक्टन तोवर रश्शात उतरलेलं असतं. असं तेल लागेल तेवढंच करा, बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका, लसणाच्या तेलात घातक जंतू वाढू शकतात. पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात वापरा, पांढरा गड्डा वगळा. हिंगाच्या डबीवर पाहा, बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक असतो. गहू पूर्ण बंद असलेल्या माणसाने तांदळाच्या पिठाचा हिंग शोधावा.

मटकी, हरभरा, चवळी 10-12 तास भिजवा, ते पाणी फेका, मटकीला मोड आणा, पुन्हा धुऊन नव्या पाण्यात शिजवा. गॅस करणाऱ्या साखरांपैकी बऱ्याचशा त्या फेकलेल्या पाण्याबरोबर जातात. "पाण्यात सत्त्व जातं" म्हणून ते आमटीत घालणाऱ्यांनी मग ओवा खात बसावं. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, तिचंही प्रमाण बेताचं ठेवा. हंगामात द्राक्षांचा अख्खा घड रिकाम्या पोटी खाऊन पोट ढवळलं तर दोष फवारणीलाच देऊ नका, फ्रुक्टोजही तेच करतं.

दुधाचा संशय असेल तर दोन आठवडे दूध, चहातलंसुद्धा, बंद करा आणि मग एका सकाळी ग्लासभर दूध पिऊन दिवसभर पाहा. काही तासांत गुडगुड आणि जुलाब झाले तर लॅक्टोज (दुधातली साखर) बहुधा पचत नाही. तरी विरजलेलं दही आणि पातळ ताक बहुतेकांना चालतं.

गहू मात्र स्वतःहून बंद करू नका. आधी सिलिॲक आजारासाठी (यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते) टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी करून घ्या. गहू सोडून महिने झाल्यावर चाचणी केली तर आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि मग निदानासाठी पुन्हा गहू खावा लागतो.

पुदिन्याच्या तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल आयबीएसच्या मुरड्यावर खरोखर काम करतात: एक कॅप्सूल जेवणाआधी अर्धा तास, दिवसातून दोन-तीनदा. चावू नका, नाहीतर छातीत जळजळ होते. पुदिन्याची चटणी चांगली लागते, पण तिने हे काम होत नाही. आयबीएसमध्ये तंतू हवे असतील तर इसबगोल घ्या, गव्हाच्या कोंड्याने बहुतेकांचं फुगणं वाढतं.

जुलाब

पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी आलं की जुलाबाचे रुग्ण वाढतात. पाणी खळखळून एक मिनिट उकळा, झाकून ठेवा, ओगराळ्याने काढा. जुलाब लागल्यावर पहिलं औषध ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं ठरावीक प्रमाणातलं पाणी. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत याच साध्या मीठ-साखर-पाण्याने कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले.

पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्धं पाकीट ग्लासात टाकलं तर मीठ जास्त होतं, आणि लहान मुलाला ते घातक ठरू शकतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या. 24 तासांनंतर उरलेलं फेका. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलि, मोठ्या मुलाला 100 ते 200, मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकही 10 ते 14 दिवस द्यायचं असतं. कोल्डड्रिंक आणि डब्यातले ज्यूस नकोत, जादा साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. जेवण बंद करू नका: तांदळाची मीठ घातलेली पेज, मऊ भात-ताक, केळं, मुगाच्या डाळीची खिचडी. बाळाचं अंगावरचं दूध चालूच ठेवा. पातळ शौच रेंगाळली तर मोठ्या माणसाला दह्यात चमचाभर इसबगोल चालतं, तिथे ते पाणी धरून ठेवतं. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नका.

घरगुती उपाय बाजूला ठेवायची वेळ

शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच. काही न करता वजन उतरणं. झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पोटदुखी. पंचेचाळिशीनंतर नव्याने सुरू झालेला बदल. हिमोग्लोबिन कमी. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग. महिनाभर येणारा बारीक ताप आणि पोटदुखी, कारण आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून आहे आणि तो आयबीएस समजून अंगावर काढला जातो. आतड्याला सूज आहे की नाही हे पाहायला शौचाची कॅलप्रोटेक्टिन चाचणी होते. आणि पोट टम्म फुगलंय, गॅसही सुटत नाही, उलट्या होताहेत, तर सकाळची वाट न पाहता थेट हॉस्पिटल.

उपवास

श्रावणात आणि एकादशीला बद्धकोष्ठाच्या तक्रारी वाढतात, त्याचं कारण साबुदाणा. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च, तंतू नावालाही नाहीत, त्यात शेंगदाण्याचा कूट आणि तूप, वर दिवसभर पाणी कमी. खिचडी करायचीच असेल तर अर्धी वाटी, आणि सोबत वाटीभर काकडीची कोशिंबीर. नाहीतर राजगिऱ्याची भाकरी, सालासकट उकडलेलं रताळं, लाल भोपळ्याची भाजी, ताक. भगर पिठाऐवजी अख्ख्या दाण्यांचीच घ्या आणि धुऊन शिजवा. सुटं भगरीचं पीठ दमट जागी महिनोन्‌महिने पडून असेल तर त्याला बुरशी लागते आणि विषबाधा होते, म्हणून पीठ हवं तर ताजं घरी दळा. उपवास सोडताना पुरणपोळी आणि भज्यांवर तुटून पडण्याऐवजी आधी वरण-भात आणि पालेभाजी खा, इसबगोल चालू असेल तर उपवासाच्या दिवशीही त्याचा पाण्याचा पूर्ण ग्लास चुकवू नका. निर्जळी उपवास असेल तर त्या दिवशी इसबगोल घेऊच नका.